खुंटाची तहान

वैशाखातल्या संध्याकाळी व्याख्यानाला निघालेली मंडळी वाटेत मोसंबीच्या रसाचा एखादा पेला घेऊन मग सभामंडपात शिरतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. त्या पेल्यात ज्या झाडाचा रस असतो ते झाड एक नसून दोन असते, ही गोष्ट मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत आणि जमिनीखाली जेवढे काही आहे तेवढे सारे बहुधा जंभेरीचे असते. त्यावर मोसंबीचा किंवा संत्र्याचा एक डोळा भरलेला असतो आणि त्या एका डोळ्यापासून वरचा सगळा पसारा झालेला असतो. खालच्या भागाला बागवान खुंट म्हणतात. बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. त्याचे फळ आपण खात नाही, त्याची सावली आपल्यावर पडत नाही. परंतु पावसाने डोळे वटारले की झाड जगणार की वाळणार याचा निवाडा बराचसा या बिननावाच्या भागाच्या हाती असतो. आज आम्हांला त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्या भागातील एका बागेत आम्ही गेलो होतो. विहीर कोरडी, बोअरला घटकाभर पाणी, आणि सोळा-सतरा वर्षांची झाडे पाने वाळून उभी. वाळलेली पानेही गळून न पडता फांदीलाच चिकटून राहिली होती. बागेचे धनी आम्हांला एका झाडापाशी घेऊन गेले व त्यांनी बुंध्याकडे बोट केले. वरचे संत्रे पार मेले होते. परंतु डोळा भरलेल्या जागेच्या खालून हिरवीगार, काटेरी फूट निघाली होती. ते म्हणाले, "पहा साहेब, संत्रा गेला आणि जंभेरी राहिली. आता हिला घेऊन काय लोणचं घालायचं?" हे बोलताना ते हसले, पण तीनशे झाडांच्या बागेत उभे राहून हसणे सोपे नसते. त्याच ओळीत चार झाडे सोडून दोन झाडे बऱ्यापैकी तग धरून होती. ती का राहिली, असे आम्ही विचारले. "खुंट निराळा असेल," असे उत्तर आले. रोपे विकणाऱ्याने सगळी एकाच खुंटावरची म्हणून दिली होती. पण रोपाच्या पिशवीवर चिठ्ठी नव्हती आणि पावतीवर खुंटाचे नाव नव्हते. आता खुंट निराळा होता, की त्या दोन झाडांखालचा मुरूम निराळा होता, हे वरून पाहून सांगणे आम्हांला शक्य नव्हते. हा प्रश्न मनात ठेवूनच आम्ही परतलो.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. कलम म्हणजे खालच्याचा गुण वरच्यात उतरणे असे कित्येकांना वाटते. तसे होत नाही. जंभेरीवर वाढलेले संत्रे संत्रेच राहते, आंबट लिंबू होत नाही. दोघांचे बीज शेवटपर्यंत वेगळे राहते. एक होते ते फक्त नळकाम. खुंटाच्या काष्ठातील नळ्या वरच्या फांदीतील नळ्यांना जुळतात व त्यांतून पाणी आणि क्षार वर जातात. सालीतून साखर खाली येते. तेव्हा हा सगळा संसार देवघेवीचा आहे. खुंटाने पाणी आणावे, पानांनी अन्न करून पाठवावे. अवर्षणात बिघडतो तो हा व्यवहार.

पाणी वर चढते कसे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. झाडात पंप नाही. पानांच्या पाठीवर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि त्या ओढीने खालचे पाणी अखंड दोरीसारखे वर खेचले जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा नव्वदाहून अधिक भाग असा उडून जातो. झाडाच्या देहात राहणारे पाणी अगदी थोडे. हा अपव्यय झाडाला पत्करावाच लागतो, कारण ज्या छिद्रातून वाफ जाते त्याच छिद्रातून कर्बवायू आत येतो व त्याचेच अन्न होते. छिद्र मिटले तर पाणी वाचते, पण चूल बंद पडते. उघडे ठेवले तर चूल पेटते, पण घागर रिकामी होते. जमीन कोरडी पडू लागली की मातीचे कण उरलेले पाणी अधिकाधिक घट्ट धरून ठेवतात, मुळांना ते ओढण्यास अधिक जोर लागतो, आणि नळीतील दोरी ताणली जाते. ताण फारच झाला तर ती तुटते, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. अशा पुष्कळ नळ्या एकदम गेल्या की मग आठ दिवसांनी टँकर आला तरी फांदी उठत नाही. आपले बागवान "पाणी दिलं पण झाडानं घेतलं नाही" असे म्हणतात, त्याच्यामागे पुष्कळदा हेच असते.

आता खुंटाखुंटांत फरक कोठे पडतो? सर्वांत ढोबळ आणि अजूनही सर्वांत महत्त्वाचा फरक मुळांच्या वळणाचा आहे. काही खुंटांची मुळे आडवी, वरच्या थरात पसरणारी असतात. काहींची सरळ खाली घुसणारी असतात. द्राक्षाच्या बाबतीत हा भेद फार स्पष्ट आहे आणि त्यामागे एक मोठा इतिहास आहे. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समधील द्राक्षमळे एका बारीक किड्याने मुळांपासून पोखरले. १८६८ मध्ये प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो किडा मुळांवर शोधून काढला. तो अमेरिकेतून आलेला होता. सबब त्याला दाद न देणारी मुळेही अमेरिकेतल्याच रानवेलींची असणार, असा तर्क निघाला आणि युरोपातील द्राक्षवेली अमेरिकन खुंटांवर चढवण्यात आल्या. १८८७ मध्ये व्हियाला हा फ्रेंच अभ्यासक खुंटांच्या शोधात अमेरिकेस गेला. टेक्सस प्रांतातील मन्सन नावाच्या रोपवाटिकाकाराने त्याला चुनखडीच्या टेकड्यांवरच्या रानवेली दाखवल्या, आणि पुढे फ्रेंच सरकारने मन्सनचा सन्मान केला. किड्यासाठी झालेल्या या खटपटीतून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. या रानवेली तऱ्हेतऱ्हेच्या जागी वाढणाऱ्या होत्या. रिपारिया या नावाचा अर्थच नदीकाठची. तिची मुळे वरवर पसरतात, कारण तिला पाणी कधी शोधावे लागलेच नाही. रूपेस्ट्रिस म्हणजे खडकावरची. ती कोरड्या ओढ्यांच्या दगडगोट्यांत वाढते व मुळे सरळ खाली सोडते. रिपारियावर बांधलेला वेल अवर्षणात लवकर मान टाकतो. रूपेस्ट्रिस आणि चुनखडीवरची बर्लान्डिएरी यांच्या संकरातून निघालेला '११० रिश्टर' हा खुंट मात्र कोरड्या जमिनीसाठी जगभर नावाजला गेला.

हाच ११० रिश्टर आज नाशिक, सांगली, सोलापूरकडे आपल्या बागायतदारांच्या तोंडी 'एकशेदहा आर' म्हणून आहे. त्याच्याआधी आणि त्याच्यापेक्षा अधिक पसरला तो 'डॉगरिज', तोही टेक्ससमधल्याच रानवेलीचा. आपल्याकडे फ्रान्समधला तो किडा हे मुख्य दुखणे कधीच नव्हते. पूर्वी आपली द्राक्षे स्वतःच्याच मुळांवर उभी असत. पाणी आटू लागले, जे राहिले ते खारवट होऊ लागले, तेव्हा १९९० च्या पुढेमागे खुंटांची लागवड झपाट्याने वाढली. उन्हाळ्याच्या तोंडी खुंट शेतातच लावावा, पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर पाचर कलम बांधावे, अशी रीत बसली. डॉगरिजचा जोर दांडगा. पण जोर म्हणजे फळ नव्हे, वेल माजतो आणि काही ठिकाणी घड कमी येतात अशी तक्रार पुढे आली, आणि म्हणूनच एकशेदहा आरकडे लोक वळले. खुंट निवडणे हे लग्न जुळवण्यासारखे आहे. एका गुणावर भाळून चालत नाही.

संत्र्या-मोसंबीचे खुंट आपल्याकडे दोन: जंभेरी आणि रंगपूर लिंबू. दोघेही संत्रावर्ग आणि महाळुंगवर्ग यांच्या जुन्या नैसर्गिक संकरातून जन्मलेले आहेत, असे अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे ही जवळजवळ भावंडेच म्हणायची. दोघांचीही मुळे खोल आणि जोमदार, दोघेही अवर्षणात बऱ्यापैकी टिकणारे. जंभेरीचे दुखणे वेगळे. आपल्या विदर्भातील काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी साचले की मूळकूज व डिंक्या तिला लवकर धरतात. रंगपूर लिंबू त्या बाबतीत अधिक चिवट आहे. आता पहा, ज्या झाडाची बारीक मुळे श्रावण-भाद्रपदात कुजली ते झाड चैत्रात तहानेने मरते. आपण म्हणतो उन्हाळ्याने मारले. वास्तविक त्याला पावसाळ्यानेच अर्धे मारलेले असते. काळ्या जमिनीचा दुसरा खोडसाळपणा असा की उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगांबरोबर कोवळी मुळेही तुटतात. या जमिनीत पाणी पुष्कळ मावते खरे, परंतु ती ते सोडताना कंजूषपणा करते.

मुळांच्या खोलीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. कारण खुंट नुसता पाणक्या नाही, तो निरोप्याही आहे. इंग्लंडमध्ये १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला सफरचंदावरचा एक प्रयोग आम्हांला फार सुंदर वाटतो. एका लहान झाडाची मुळे दोन भागांत वाटून दोन कुंड्यांत लावली. एका कुंडीला भरपूर पाणी दिले, दुसरी कोरडी ठेवली. एका बाजूने पाणी मिळत असल्यामुळे पानांना काही कमी पडले नाही, तरीही पानांची वाढ मंदावली. मग त्यांनी कोरड्या कुंडीतील मुळे कापून टाकली. आता झाडाची निम्मी मुळे गेली. वाढ आणखी खुंटावी अशी आपली अपेक्षा. उलट ती पुन्हा सुरू झाली! याचा अर्थ, कोरड्या मातीतील मुळे वर काही तरी कळवीत होती: पाणी आटत आहे, खर्च आवरा. निरोप्यालाच काढून टाकल्यावर निरोप थांबला आणि पाने निर्धास्त झाली.

हा निरोप म्हणजे काय? ॲब्सिसिक आम्ल नावाचे एक द्रव्य वनस्पतीत असते, ते १९६० नंतरच्या दशकात ओळखले गेले. ते पानात वाढले की छिद्रे मिटतात. बरीच वर्षे असे मानले जाई की हे द्रव्य तहानलेल्या मुळांत तयार होऊन पाण्याबरोबर वर जाते. पुढे, हे द्रव्य ज्यांना नीट तयार करता येत नाही अशा टोमॅटोच्या मुळांवर निरोगी टोमॅटोचे शेंडे बांधून पाहिले, तर माती सुकल्यावर छिद्रे तरीही मिटली. म्हणजे द्रव्य पानांतही होते. मुळांचा निरोप निराळा असला पाहिजे. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात असा एक निरोप पकडला: मुळांत तयार होणारा प्रथिनाचा एक इवलासा तुकडा, जो पानांत पोहोचून तेथे हे आम्ल तयार करवतो. त्यासाठीही त्यांनी कलमेच बांधली. आपला माळी चाकू आणि सुतळी घेऊन करतो तीच क्रिया, फक्त रोपे केसाएवढी. मात्र संत्र्यात आणि द्राक्षात नेमका हाच निरोप जातो, असे यावरून धरून चालता येणार नाही.

येथे बागवानीतील एक मजेची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या अवस्थेला शास्त्रज्ञ ताण म्हणतात, तिला आपला शेतकरीही ताणच म्हणतो. पण तो भितो कमी आणि वापरतो अधिक. संत्र्याला मृग बहार हवा असेल तर तो उन्हाळ्यात पाणी तोडतो, पाने मलूल होऊ देतो, काही गळू देतो, आणि मग पाऊस पडला की झाड फुलांनी लगडते. ताण किती दिवस द्यायचा, हे जमिनीवर ठरते: हलक्या जमिनीत कमी, भारी काळ्या जमिनीत अधिक. मुळे खोल गेलेल्या झाडाला ताण बसायलाही स्वाभाविकच वेळ लागतो. तेव्हा फळासाठी दिलेला ताण आणि जीव घेणारा ताण यांत फरक आहे तो काही आठवड्यांचा. मृगाचा पाऊस लांबला की हातातला डाव उलटतो, आणि हा जुगार आपल्याकडे दरवर्षी खेळला जातो.

खुंटांचे स्वभाव दोन प्रकारचे म्हणता येतील. काही काटकसरी असतात. ते वरच्या झाडाला लवकर हात आखडायला लावतात. छिद्रे मिटतात, वाढ थांबते, फळ लहान राहते, पण नळ्या शाबूत राहतात. काही उधळे असतात. ते मुळे खोल घालून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी ओढतात आणि झाडाला कामाला लावून ठेवतात. थोड्या दिवसांच्या ओढीत उधळा खुंट शेतकऱ्याला सोन्यासारखा वाटतो. परंतु दोन वर्षे लागोपाठ पाऊस हुकला आणि खालचा झराच आटला, तर खोल मुळांना तेथे सापडणार काय? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना परिसरातील मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. त्या मोसंब्यांची मुळे काही उथळ होती असे नाही. म्हणून "दुष्काळ सहन करणारा खुंट" अशी जाहिरात दिसली की आम्ही विचारतो, कोणता दुष्काळ? किती दिवसांचा? आणि सहन करणारा म्हणजे जगणारा की पीक देणारा? या तीन प्रश्नांची उत्तरे एका खुंटाकडून एकदम मिळणे कठीण.

सफरचंदाकडे पाहा. इंग्लंडातील ईस्ट मॉलिंग येथे निवडलेला 'एम नऊ' हा खुंट झाडाला बुटके ठेवतो व लवकर फळ देतो. जगातील दाट बागा त्यावर उभ्या आहेत, आणि अलीकडे काश्मीरमध्येही त्याच्या बागा लागल्या आहेत. पण त्याची मुळे उथळ व ठिसूळ. त्याला आधाराला खांब लागतो आणि पाण्याला ठिबकची नळी लागते. त्याच्याच गोतावळ्यातील 'एमएम १११' कोरड्या जमिनीत तग धरतो, मात्र झाड उंच होते व फळाला उशीर लागतो.

मुळे खोल जाण्याचा गुण बियाण्यात असला तरी तो जमिनीत उतरेलच असे नाही. रोप दोन वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले की त्याचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते, आणि शेतात लावल्यावरही ते वेटोळे सुटत नाही. बोराच्या बाबतीत आपल्या लोकांनी यावर पूर्वीच तोड काढली. बी जागेवरच पेरायचे किंवा रानबोर असेल तेथेच राखायची, आणि त्यावर डोळा भरायचा. सोटमूळ हलवायचेच नाही. कोरडवाहू माळावर बोर उभी राहते ती यामुळे. ठिबकाचेही तसेच. नळीखालचा मातीचा एवढासा गोळा रोज ओला राहिला तर मुळे त्या गोळ्यातच रमतात. ठिबकाने पाणी वाचते यात संशय नाही. पण नळी बंद पडली की खोल जाणाऱ्या खुंटाचा खोलपणा ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

एकच खुंट सर्वत्र लावण्याचे काय होते, हे ब्राझीलने अनुभवले आहे. तेथील साओ पाउलो प्रांतात संत्र्याच्या बागा पूर्वी आंबट नारिंगाच्या खुंटावर होत्या. १९३७ च्या सुमारास ट्रिस्टेझा नावाचा विषाणुरोग आला, मावा किड्याने तो पसरवला, आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्या खुंटावरची लक्षावधी झाडे गेली. त्यातून तरलेला खुंट कोणता? आपला रंगपूर लिंबू, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरचे नाव लावणारा. त्याला ट्रिस्टेझाची भीती नव्हती आणि पाण्याविना राहण्याची सवय होती. ब्राझीलच्या शेतकऱ्यांनी कालवे न काढता, पंप न लावता केवळ पावसावर जगातील सर्वांत मोठा संत्र्याचा धंदा त्या खुंटावर उभा केला. बहुतेक बागा त्या एकाच खुंटावर आल्या. मग १९९९ च्या सुमारास मिनास जेराइस प्रांतात आणि लगतच्या भागात रंगपुरावरची झाडे अचानक मरू लागली. रोग नवा, आणि तो नेमका याच खुंटाची साल धरणारा. पर्यायी खुंट होते, परंतु ते तहानेला हळवे. मरू घातलेल्या झाडाच्या बुंध्याशी दुसऱ्या खुंटाची रोपे लावून ती भेट कलमाने जोडण्याचा उपायही तेथे करण्यात आला. म्हणजे म्हाताऱ्या झाडाला नवे पाय लावले. पुढे नवी लागवड दुसऱ्या खुंटांवर करताना तेथल्या शेतकऱ्याला ओलिताची सोय करणे भाग पडले. सत्तर वर्षांपूर्वी फुकट मिळालेला गुण आता विकत घ्यावा लागला.

आपल्याकडे वरुडजवळच्या शेंदुरजनाघाटसारख्या ठिकाणी संत्र्याची रोपे तयार करणे हा पिढीजात धंदा आहे, आणि त्यांच्या हातातले कसब मोठे आहे. जंभेरीच्या एका बीतून एकाहून अधिक रोपे उगवतात व त्यांतली बहुतेक मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल असतात. वेगळे दिसणारे रोप ओळखून उपटून टाकायचे, एवढी नजर ठेवली तर खुंट एकसारखे निघतात. नजर ठेवणारेही आहेत, न ठेवणारेही आहेत. आमची मागणी फार मोठी नाही. रोप विकताना वरच्या जातीबरोबर खालच्या खुंटाचे नाव कागदावर लिहून द्यावे. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आपण ती घेत नाही. पंचवीस वर्षे शेतात उभे राहावयाचे झाड मात्र तोंडी विश्वासावर घेतले जाते.

त्या बागेचे धनी पुढल्या हंगामात आम्हांला पुन्हा भेटले. वाळलेली झाडे त्यांनी काढली होती. दोन बुंधे मात्र मुद्दाम राखले होते: एक मेलेल्या संत्र्याचा, ज्याच्या खुंटाला फूट आली होती, आणि दुसरा त्या तगलेल्या दोन झाडांपैकी एकाचा, ज्याच्या पायथ्याची एक फूट त्यांनी न छाटता वाढू दिली होती. एरवी अशी फूट दिसली की ते विळ्याने काढून टाकत. फळ धरले की कळेल, असा त्यांचा हिशेब होता. पिवळे, खरबरीत निघाले तर जंभेरी; नारिंगी, सैल सालीचे निघाले तर रंगपूर. त्याला अजून दोन-तीन वर्षे लागणार होती. तोवर नवी रोपे आणायची नाहीत, असे ते घरात सांगून बसले होते.